साइड-बाय-साइड घेताय? हॉर्सपॉवर मोजण्याआधी या चुका टाळा

ऑक्टोबर लागला, ॲरिझोनातल्या फिनिक्सचं ऊन जरा नरमलं, की आमच्या ओळखीत एकच प्रश्न फिरू लागतो : 'बग्गी घ्यायचीय, कुठली घेऊ? वेगवान की टिकाऊ?' विचारणारा बहुधा आयटीतला. मुलं दहा-बारा वर्षांची झालेली, गॅरेजमध्ये जागा रिकामी, आणि नुकताच कुणाच्या तरी शेजारी बसून कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत एक चक्कर मारून आलेला. त्या एका चकरेत भलेभले गारद होतात. मग एक्सेल शीट तयार होते आणि तिचा पहिला रकाना असतो हॉर्सपॉवरचा.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : लोणावळ्याकडे पर्यटकांना फिरवतात त्या एटीव्हीची ही थोरली बहीण. दोघं शेजारी शेजारी बसतात म्हणून साइड-बाय-साइड. स्टिअरिंग, सीटबेल्ट, डोक्यावर लोखंडी पिंजरा. अमेरिकेत वाळूत, डोंगरात, शेतावर सगळीकडे दिसते.

मी आजवर दोन घेतल्या. पहिली विकताना खिशाला जी चाट बसली, तिच्यातून हा लेख निघालाय.

आकड्यावर भाळणं

पोलारिसची पहिली आरझेडआर २००७ साली आली तेव्हा ८०० सीसीचं इंजिन होतं आणि ताकद पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवर. लोक तेवढ्यावरही खूश होते. २०१७ची कॅन-ॲम मॅव्हरिक एक्स-३ टर्बो लावून १५४ वर गेली. २०२२ची आरझेडआर प्रो-आर टर्बोशिवाय, दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनवर २२५, आणि २०२४ची मॅव्हरिक आर २४०. आपल्याकडच्या चांगल्या एसयूव्हीलाही एवढी ताकद नसते, आणि ही तर तिच्यापेक्षा कितीतरी हलकी.

आता ही ताकद लागते कुठे? वाळूत. ग्लॅमिसच्या उंच टेकड्या चढताना वाळू चाकांना सतत मागे खेचते, तिथे टर्बोचा प्रत्येक घोडा कामाला येतो. पण युटातल्या मोआबच्या 'हेल्स रिव्हेंज' या खडकाळ वाटेवर तुम्ही खडकावरून माणसाच्या चालीनं सरकत असता. तिथे २०० हॉर्सपॉवर नुसती गरम होत बसते. मी पहिली घेतली ती टर्बो. पहिल्या वर्षी दहा सहली झाल्या, त्यांतल्या आठ खडकांत आणि जंगलातल्या अरुंद वाटांवर. म्हणजे लग्नाचा शालू नेसून भाजी आणायला जाण्यातली गत.

एक अपवाद मात्र खरा आहे. कोलोराडोत इमोजीन पास ही खिंड १३,११४ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे समुद्रसपाटीला ११० असलेली गाडी वर पोचेपर्यंत सत्तरच्या घरात येते. टर्बो विरळ हवा दाबून आत घेतो, त्यामुळे त्याचं नुकसान बरंच कमी. दर उन्हाळ्यात सॅन हुआन डोंगरांत जाणार असाल तर टर्बोचा विचार करायला हरकत नाही. मात्र त्याच्यासोबत जादा उष्णता येते आणि ९१ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. युटा-कोलोराडोतल्या पंपांवर 'रेग्युलर' म्हणजे ८५ ऑक्टेन, ॲरिझोनासारखं ८७ नव्हे. ॲरिझोनातून गेलेला माणूस सवयीनं पहिलंच बटण दाबतो. टर्बोत ते भरू नका.

बेल्ट तुटला की कंपनीला शिव्या घालणं

'टिकाऊ नाही' या तक्रारीतली निम्मी तरी बेल्टपाशी येऊन थांबते, म्हणून इथे जरा सविस्तर.

बहुतेक बग्ग्यांत स्कूटरसारखा सीव्हीटी असतो. पुढे एक क्लच, मागे एक, मध्ये रबरी बेल्ट. वेग वाढला की पुढच्या क्लचच्या चकत्या जवळ येतात, बेल्ट तिथे वर सरकतो, मागच्या क्लचमध्ये खाली उतरतो. गिअर बदलायला नको, चालवायला सोपं. पण सगळी ताकद त्या दोन बोटं रुंदीच्या रबरातून जाते. बेल्टचा शत्रू ओढ नाही, उष्णता. आणि ती उष्णता बहुतेक वेळा आपणच तयार करतो.

कशी? हाय गिअरमध्ये हळू चालवून. (चालवताना गिअर बदलायचे नसले तरी हाय की लो, एवढं मात्र आपणच निवडायचं असतं.) चढण आली, खडक आला, मागे ट्रेलर आहे, गाडी चिखलात रुतलीय, आणि आपण हायमध्येच ॲक्सिलरेटर दाबतोय. चाक फिरत नाही, पुढचा क्लच बेल्टला एकाच जागी घासत राहतो. तिथे पट्टा झिजून खड्डा पडतो आणि पुढे कधीतरी सपाट रस्त्यावर, ऐन वेगात, तो फाटतो. मग लोक म्हणतात, 'काहीच करत नव्हतो हो, आपोआप तुटला!' नियम साधा आहे : ताशी दहा-पंधरा मैलांच्या खाली बराच वेळ राहणार असाल तर लो गिअर. ट्रेलरवर चढवतानाही लो. लो लावण्यात कमीपणा वाटणारे वीर मी पाहिलेत. त्यांच्या डिकीत तीन-तीन बेल्ट असतात.

दुसरी चूक नव्या बेल्टला वेळ न देण्याची. पहिले पन्नासेक मैल पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, वेग कमी-जास्त करत राहायचं. त्यात रबरावरची चकाकी जाते आणि बेल्ट चकत्यांवर नीट बसतो. घरी बदलला तर सोपं असतं. जत्थ्यात सगळे पुढे पळत असताना पाळणं अवघड, हे मान्य.

मग बेल्टच नसलेली गाडी घ्यावी का? होंडाची टॅलन १००० आणि पायोनियर १००० यांत बेल्ट नाही, सहा गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. टॅलन साधारण १०४ हॉर्सपॉवरची, टर्बो नाही. यामाहाच्या वायएक्सझेड१०००आरमध्ये तर पायानं दाबायचा क्लच आणि पाच गिअर होते. टिकाऊपणावर होंडाचं नाव घेणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही : बेल्ट हा फ्यूजसारखा आहे. अति झालं की आधी तो जातो, त्याच्यामागची महागडी मंडळी वाचतात. वाटेवर अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही तो बदलू शकता. गिअरबॉक्स गेला तर दुसऱ्याच्या दोरीला बांधून घरी. आणि पायाच्या क्लचची सवय नसलेल्यानं खडकात तासभर अर्धा क्लच दाबून चालवलं तर काय जळतं ते सांगायला नको. मधला मार्गही आहे. यामाहाच्या वुल्व्हरिन आरमॅक्ससारख्या गाड्यांत बेल्टवर दहा वर्षांची हमी मिळते. कावासाकीच्या केआरएक्स १००० मध्ये सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचा वेग वाढल्यावरच आपोआप पकडणारा) असल्यामुळे गाडी उभी असताना बेल्टवरचा ताण सुटत नाही, तो घासतही नाही.

रुंदी न मोजणं

राष्ट्रीय जंगलांतल्या कित्येक वाटा ५० इंचांपर्यंतच्या गाड्यांनाच खुल्या असतात. मॅव्हरिक आर ७७ इंच रुंद. वाटेच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब असतात आणि ते हॉर्सपॉवर विचारत नाहीत. ट्रेलरची आतली रुंदीही आधी मोजा. एकानं गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी नवा ट्रेलर घ्यायला गेला.

जुनी घेताना फक्त मैल पाहणं

डॅशबोर्डवर मैलांसोबत इंजिनाचे तासही दिसतात. मैलांना तासांनी भागा. दोन हजार मैल आणि शंभर तास म्हणजे सरासरी वीसचा वेग : रपेट मारणारा मालक. हजार मैल आणि दीडशे तास म्हणजे सात मैलांच्याही खाली : खडकांत सरपटलेली, शेतावर राबलेली, किंवा नुसती सुरू ठेवून गाणी ऐकलेली. दुसरी गाडी मैलांत 'कमी चाललेली' दिसते, पण तिच्या इंजिनानं आणि क्लचनं जास्त सोसलेलं असतं.

मग एअर फिल्टर काढा. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर नमस्कार करून निघा. आमच्याकडची धूळ पिठासारखी बारीक. ती एकदा सिलिंडरमध्ये शिरली की रिंगा खाऊन टाकते आणि बाहेरून काही कळत नाही. मला हे एका मेकॅनिकनं सांगितलं, माझी पहिली विकून झाल्यावर.

गाडीवर जुना रिकॉल बाकी आहे का तेही बघा. या गाड्या अमेरिकेत मोटारींच्या खात्याकडे नाहीत, ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे आहेत. एप्रिल २०१६ मध्ये आगीच्या धोक्यामुळे पोलारिसनं २०१३ ते २०१६च्या आरझेडआर ९०० आणि १००० मिळून सुमारे १,३३,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. तशी गाडी मिळाली तर दुरुस्ती झाल्याची नोंद डीलरकडून गाडीच्या नंबरावर तपासून घ्या. झाली असेल तर ती गाडी वाईट नाही. विकणाऱ्याला माहीतच नसेल तर मात्र सावध.

पहिल्याच महिन्यात सजवणं

मोठे टायर, मोठा साउंड सिस्टम, छतावर दिव्यांची रांग, पुढे विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारी मोटार). टायर दोन-तीन इंचांनी मोठे केले की गिअरिंग बदलतं, बेल्ट जास्त तापतो, ॲक्सल मोडतात. विंच आणि ॲम्प्लिफायर एकाच छोट्या बॅटरीवर बसवले की संगणक विचित्र इशारे देऊ लागतो आणि माणूस इंजिनावर संशय घेतो. पहिले शंभर तास गाडी कंपनीनं दिली तशी चालवा. हमीची मुदतही लक्षात असू द्या. कुणी सहाच महिने देतं, कुणी वर्ष. पहिली सर्व्हिस चुकवू नका, कारण नव्या इंजिनातला धातूचा कीस त्या पहिल्या तेलातच असतो.

बिघडलीच तर कुठे पाहायचं

*जळक्या रबराचा वास* आला तर थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून क्लचला वारा लागू द्या, मग लो लावून निघा. वास आला तेव्हा थांबलात तर बहुतेकदा बेल्ट वाचतो.

*आरपीएम चढतात, गाडी हलत नाही* आणि नुकतेच ओढ्यातून आला असाल, तर सीव्हीटीच्या डब्यात पाणी शिरलंय. खालचं ड्रेन बूच उघडा, पाणी काढा, न्यूट्रलमध्ये थोडं रेस करून वाळवा. पाणी नसेल तर बेल्ट झिजलाय किंवा तुटलाय.

*बेल्ट तुटला* तर झाकण थंड होऊ द्या. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फाटलेल्या बेल्टचे दोरे क्लचच्या मागे गुंडाळले जातात, ते शेवटच्या धाग्यापर्यंत काढणं. इथे घाई केली की नवा बेल्ट दहा मैलांत जातो, तेलसीलही फाटतं. मागचा क्लच हत्यारानं फाकवा, बेल्टवरची अक्षरं सुलटी वाचता येतील तसा बसवा. हे सगळं एकदा घरच्या गॅरेजमध्ये, चहा पीत, करून बघितलेलं असावं.

*गाडी अचानक दबून चालते*, वेग घेत नाही, डॅशवर दिवा लागतो : आधी बॅटरीची टर्मिनल्स घट्ट आहेत का बघा. हादऱ्यांनी ती सैल होतात. विजेचा दाब पडला की संगणक घाबरून ताकद कापतो. बऱ्याचदा दहा मिलिमीटरच्या पान्यावर काम भागतं.

*वळताना टकटक* : पुढचं चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा. हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ॲक्सलचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर जॉइंटचे दिवस भरलेत.

मग घेऊ कुठली?

कुटुंबासह वाटांवर फिरायचं असेल तर टर्बो नसलेली हजार सीसीची, शंभर-एकशेदहा हॉर्सपॉवरची कुठलीही नावाजलेली गाडी. माझी दुसरी तशीच आहे आणि मुलीलाही चालवता येते. हंगामातले बहुतेक शनिवार वाळूतच जाणार असतील तर टर्बो घ्या, पण किमतीवर सुट्या भागांचं आणि पेट्रोलचं बजेट वेगळं काढा. टेक्सासमध्ये कुणी दहा-वीस एकर घेतलीत आणि कुंपणाचे खांब वाहायचेत, तर कुबोटाची डिझेल आरटीव्ही. ती हायड्रोस्टॅटिक आहे, पट्टा नाही, आणि तिच्यात बसून मुलं कंटाळतील इतकी सावकाश.

सही करण्याआधी डीलरच्या मागच्या बाजूला, पार्ट्सच्या काउंटरवर जा. विकणाऱ्याला सोबत नेऊ नका. याच मॉडेलचा बेल्ट, पुढचं व्हील बेअरिंग आणि एक ॲक्सल आज, आत्ता मिळेल का, एवढंच विचारा. 'मागवावं लागेल' असं तिन्हींसाठी उत्तर आलं, तर दुसरा डीलर बघा.