थंडीतली परसबाग: आधी वाटाणा-गाजर, मिरचीला जरा थांबवा

दिवाळी आटोपली की नाशिकच्या रोपवाटिकांमधून मिरचीची रोपं घरोघर जातात. यंदा ही घाई करू नका. रात्रीचा पारा 15 अंशांखाली गेला की मिरचीची फुलं गळू लागतात, 10 च्या खाली झाड वाढायचंच थांबतं. निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांवर उतरतो, तेव्हा द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तिथे परसातली कोवळी मिरची कशी तग धरणार? नाशिक शहरात, भिंतींच्या आडोशाला, थोडं निभावतं इतकंच.

मिरचीचं बी जानेवारीच्या अखेरीस ट्रेमध्ये टाका आणि रोपं मार्चच्या सुरुवातीला लावा. घरच्यापुरती पुसा ज्वाला किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती ही जात पुरे. ज्योतीला मिरच्या झुपक्याने लागतात. ढोबळीचाही थंडीत फार हट्ट नको. रात्री गार राहिल्या की फळं बी न धरता बारकी, वेडीवाकडी होतात.

पावसाळ्यात लावलेली झाडं मात्र उपटू नका. फुलं गळाली म्हणून युरिया टाकला, तर येणारी कोवळी पानं थंडीला आयतीच सापडतात. पाणी कमी करा आणि दुपार कलल्यावर नव्हे, ऊन वर आल्यावर द्या. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. फेब्रुवारीत शेंडे छाटून मूठभर कुजलेलं शेणखत घातलं की झाड पुन्हा फुटतं. पानं वर वळून वाटीसारखी झाली, तर तो थंडीचा नव्हे, फुलकिड्यांचा चुरडामुरडा. पान पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

आता रिकाम्या वाफ्यांत काय? गारठा ज्यांना मानवतो ते. अर्केल जातीचा वाटाणा दोन महिन्यांत तोडणीला येतो. त्याचा वेल थंडी सोसतो, पण कडाक्याच्या रात्री फुलं करपतात, म्हणून पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकलेली बरी. पालक, मेथी, मुळा यांचं फार सांगायला नको. दर पंधरवड्याला हातभर ओळ टाकत राहा. कोबी-फ्लॉवरची रोपं आणून लावली तरी चालतात.

गाजराचं तसं नाही. रोप हलवलं की मूळ वाकडं होतं, म्हणून बी जागेवरच पेरायचं. आपली काळी जमीन भेगाळते आणि तिच्यात गाजराला दोन-तीन पाय फुटतात. वीतभर उंच गादीवाफा करून त्यात वाळू आणि जुनं शेणखत मिसळा. ताजं अजिबात नको, त्यानेही मूळ फाटतं. बी बारीक असतं, ते कोरड्या वाळूत मिसळून पेरा, अर्धा सेंटिमीटरच झाका आणि उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट ठेवा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, गारठ्यात त्याहून जास्त. पहिले कोंब दिसले की गोणपाट त्याच संध्याकाळी काढा. रोपं बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवा.