खरिपाआधी ऑफिसात कानबान बोर्ड लावायचा, तं ही तयारी करून ठेवा

शेतकरी उत्पादक कंपनीत मे महिन्यात कोणालाही विचारा, बियाण्याचं कुठवर आलं, तं उत्तर ठरलेलं असते, "चालू आहे ना भाऊ". खताचं? चालू आहे. परवान्याचं नूतनीकरण? तेही चालूच. सगळंच चालू असते अन् संपत काहीच नाही, अन् कानबान बोर्ड, म्हणजे एकेका कामाचं कार्ड रकान्यारकान्यातून पुढं सरकवत न्यायचा फळा, त्याचा खरा इलाज याच दुखण्यावर आहे, म्हणून भिंतीला खिळा ठोकायच्या आधी काय काय तयार पाहिजे ते लिहून राहिलो. मृग लागायच्या आत उरकून घ्या, नंतर कोणी ऐकणार नाही.

सामान फार नाही. जागा आधी पक्की करा अन् ती अध्यक्षांच्या केबिनमध्ये नको, जिथं माठ ठेवला आहे, जिथं गोडाऊनवरचा पोरगाही दिवसातून चारदा येते तिथं पाहिजे. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडं या दिवसात कूलर सुरू असते अन् त्या ओल्या वाऱ्यानं संध्याकाळपर्यंत अर्ध्या चिठ्ठ्या खाली, मग कोणती कोणत्या रकान्यात होती यावरच भांडण. त्यापेक्षा लग्नसराईत घरोघरी पत्रिकांचा ढीग पडला असते, त्यातल्या कोऱ्या पाठीच्या जाड पत्रिका कापून घ्या, तळहाताएवढं कार्ड करा, सॉफ्टबोर्ड, टाचण्या, जाड मार्कर, बस. गणपतीचं चित्र असलेला तुकडा मात्र आधीच बाजूला काढा, नाही तं त्या कार्डाला टाचणी टोचायला कोणाचा हात धजत नाही.

रकाने चार पुरेत: करायचं, या आठवड्यात, चालू, झालं. बरेच जण पाचवा रकाना काढतात, "तालुक्याला गेलं" म्हणून, म्हणजे कागद ऑफिसात दिला, नमुना लॅबला पाठवला, सीएकडं फाईल गेली. माझं मत विचाराल तं हा रकाना काढूच नका, कारण तिथं कार्ड गेलं की सगळे हात झटकून मोकळे अन् दिवाळीपर्यंत ते तिथंच. अडकलेलं कार्ड चालूमध्येच राहू द्या अन् त्याच्यावर एक मोठी लाल टिकली चिकटवा, किराणा दुकानात पाकीट मिळते, खाली लिहा कशामुळं अडकलं, कोणत्या तारखेपासून अन् आता फोन कोण करणार. चालूमध्ये टिकल्याच टिकल्या दिसायला लागल्या की नवीन काम घ्यायचं सोडून लोक आपोआप पाठपुराव्याला लागतात.

आता कार्डं लिहायची, अन् खरी मेहनत इथंच आहे. "बियाणं" असं एकच कार्ड लिहिलं तं ते दीड महिना चालूमध्येच बसून राहीन अन् बोर्ड असून नसल्यासारखा. सोयाबीनचं घरचं बियाणं घ्या उदाहरणाला, त्याचे तुकडे पाडा: सभासदांकडून नमुने गोळा करणं हे एक कार्ड, उगवण तपासणी हे दुसरं, चाळणी-प्रतवारी तिसरं, पिशव्या भरून लेबल लावणं चौथं. तपासणीच्या कार्डात काम काय ते डोळ्यापुढं येते बघा, प्रत्येक नमुन्याचे १०० दाणे ओल्या पोत्यावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपत राहायचं, आठवडाभरानं मोजायचे, ७० किंवा जास्त उगवले तं हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो हे नेहमीचं माप चालते, कमी उगवले तं बियाणं वाढवा नाही तं तो लॉट बाजूला काढा. एवढं काम एका माणसाच्या हातात आठ दिवसात बसते, कार्ड असंच पाहिजे, आठ-दहा दिवसांपेक्षा मोठं वाटलं की फाडा अन् दोन करा.

प्रत्येक कार्डावर काम, माणसाचं एकच नाव (दोन नावं म्हणजे कोणीच नाही), हातात घेतल्याची तारीख, अन् झालं कशाला म्हणायचं ते. हे शेवटचं लोक सोडून देतात. खताचा ट्रक आला म्हणजे झालं का? नाही, पोती उतरली, स्टॉक रजिस्टरला नोंद झाली, खतविक्रीची नोंद करायच्या पॉस मशीनवर साठा दिसला, बिल फाईलला लागलं, तेव्हा झालं. तारखेला बांधलेल्या कामांची कार्डं वेगळ्या रंगाची करा, जसं वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, अन् तिच्यानंतर ताळेबंदाचा एओसी-४ फॉर्म ३० दिवसात, ही सप्टेंबरात आठवून उपयोग नसते.

यानंतर "चालू" रकान्याच्या डोक्यावर एक आकडा लिहायचा, तिथं एका वेळी जास्तीत जास्त किती कार्डं राहतील त्याचा. तीन माणसं काम करणारी असतील तं ४ लिहा. पाचवं कार्ड तिथं येणार नाही, एखादं झाल्यात गेल्याशिवाय. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओहनो यांनी हेच केलं, अमेरिकेतल्या सुपरमार्केटात गिऱ्हाइकानं उचललं तेवढंच परत मांडतात, त्यावरून १९५३ च्या सुमारास मशीन शॉपमध्ये कार्डं फिरवली, पुढच्यानं मागितलं तेवढंच मागच्यानं बनवायचं. सॉफ्टवेअरवाल्यांकडं ही पद्धत बरीच उशिरा आली, डेव्हिड अँडरसन यांनी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका टीमवर करून पाहिल्यानंतर. आकड्यामागं गणितही आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं: हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. १२ कामं हातात अन् आठवड्याला ३ संपतात तं प्रत्येक कामाला ४ आठवडे, तेच ६ ठेवली तं २. माणसं तेवढीच, पगार तेवढाच.

आकडा लिहिल्यावर लगेच कोणीतरी संचालक म्हणणार, माझं एक काम तेवढं मधात घालून दे ना बापा. त्याची सोय आधीच करा, वरती एक बारीक पट्टी तातडीची, तिथं एका वेळी एकच कार्ड, अन् ते लावणाऱ्यानं सगळ्यांसमोर सांगायचं कोणतं काम त्याच्यापायी थांबलं. अध्यक्षांनाही हाच नियम, अन् तो सभेच्या प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, तोंडी ठरलेलं पेरणीच्या गडबडीत टिकत नाही.

रोज सकाळी बोर्डापुढं उभ्यानं दहा मिनिटं, खुर्च्या मांडल्या की चहा येते अन् मग राजकारण. वाचायला झाल्याच्या बाजूनं सुरू करा, जे संपत आलं ते आधी काढायचं, नवीन सगळ्यात शेवटी. "या आठवड्यात"मध्ये काय घ्यायचं ते सोमवारी ठरवा, अन् तेव्हा पावसाकडं पाहून ठरवा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही हे माहीत असूनही लोक बियाण्यासाठी आधीच दारात उभे राहतात, तं वाटपाचं कार्ड त्याआधी तयार पाहिजे.

मोबाईलवर असाच बोर्ड दाखवणारं ट्रेलोसारखं अ‍ॅप वापरायचं का, असं पोरं विचारतीलच. वापरा, पण एक हंगाम भिंतीवर काढल्यावर. अ‍ॅप फक्त उघडणाऱ्यालाच दिसते, भिंत मात्र खत न्यायला आलेल्या सभासदालाही दिसते, अन् तो विचारते, हे टिकलीवालं माझ्या बिलाचं तं नाही ना? बाहेरगावच्या संचालकांसाठी रोजच्या रोज बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकायचं काम कोणाचं, तेही आत्ताच ठरवून घ्या. झालेली कार्डं शनिवारी काढून, झाल्याची तारीख टाकून, बुटाच्या खोक्यात ठेवा, फेकू नका, पुढच्या मे महिन्यात कोणतं काम किती दिवस खाते ते त्यातूनच काढायचं आहे.