डिस्क भरली म्हणून चालू लॉगवर 'आरएम' मारू नका

लिनक्सवर टॉमकॅट (जावा ॲप्स चालवणारा सर्व्हर) चालतोय, मॉनिटरिंगचा अलर्ट डिस्क ९५ टक्के भरल्याचं दाखवतोय. आधी 'डीएफ -एच' मारून नेमकं कोणतं पार्टिशन भरलंय ते बघा. जागा दिसत असूनही 'नो स्पेस' येत असेल तर 'डीएफ -आय' बघा, लाखो बारीक फाइल्सनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपवलेले असतात. मग 'डीयू' (फोल्डर किती जागा खातंय ते सांगणारी कमांड) घेऊन एकेक फोल्डर खाली उतरत जा.

बहुतेक वेळा गुन्हेगार 'कॅटलिना.आउट', म्हणजे टॉमकॅटची लॉग फाइलच निघते. आणि घोळ इथेच होतो. फाइल 'आरएम'ने उडवली तर फक्त नाव जातं. टॉमकॅटने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे प्रोसेस बंद होईपर्यंत डिस्कवरचे ब्लॉक सुटत नाहीत. 'डीयू' म्हणतं जागा झाली, 'डीएफ' म्हणतं काही नाही. लॉगही गेला, जागाही मिळाली नाही, आणि नवीन ओळी न दिसणाऱ्या फाइलमध्ये जातच राहतात.

बरोबर रस्ता: हवा तो भाग दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मग 'ट्रंकेट -एस ०' देऊन फाइल जागच्या जागी रिकामी करा. रिस्टार्ट लागत नाही. हे टॉमकॅटला चालतं, कारण त्याची स्टार्टअप स्क्रिप्ट दुहेरी बाणाने, म्हणजे अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटी जोडत) लिहिते. कुणी स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये एकच बाण लावला असेल तर प्रोसेस जुन्याच जागेपासून पुढे लिहिते. मग 'एलएस'मध्ये फाइल पुन्हा ४० जीबी दिसते. 'डीयू'त मात्र किरकोळ. घाबरू नका, ती पोकळ आहे. पण स्क्रिप्ट दुरुस्त करा.

आधीच उडवून बसला असाल तर 'एलएसओएफ +एल१' चालवा. डिलीट झालेल्या पण उघड्या फाइल्स, त्यांचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि एफडी (प्रोसेसने उघडलेल्या फाइलचा) नंबर दिसेल. '/प्रॉक' या सिस्टिम फोल्डरखाली त्या पीआयडीच्या 'एफडी' फोल्डरमधला तो नंबर ट्रंकेट केला की जागा सुटते.

जुन्या, तारीखवार फाइल्स सोप्या: 'फाइंड', '-एमटाइम +३०' (तीस दिवसांहून जुन्या). आधी '-प्रिंट'ने यादी वाचा, मगच '-डिलीट', आणि तो कायम शेवटी. 'फाइंड' डावीकडून उजवीकडे वाचतं. '-डिलीट' आधी आला तर अट तपासण्यापूर्वीच अख्खं फोल्डर साफ.

"तीस दिवसांवरचं सगळं उडवा" हा सल्ला भारतात बेधडक देऊ नये. 'सर्ट-इन' या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. तीस दिवस सर्व्हरवर, बाकीचे जीझिपने कॉम्प्रेस करून वेगळ्या स्टोरेजवर.

सिस्टिमडीच्या जर्नलला (लिनक्सच्या स्वतःच्या लॉगला) 'जर्नलसीटीएल'चा 'व्हॅक्यूम-साइझ' पुरे, तो ठरवलेल्या साइझपर्यंत जुने लॉग काढतो.

पुढच्या वेळेसाठी लॉगरोटेट (लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणारं टूल) लावा, 'कॉपीट्रंकेट'सह, म्हणजे तो लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करतो. कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मधल्या क्षणात काही ओळी गळू शकतात, हे मान्य करूनच. शिवाय तो आधी कॉपी करतो, म्हणजे २० जीबीच्या फाइलला तेवढीच जागा मोकळी लागते. डिस्क भरल्यावर लावून उपयोग नाही. 'मॅक्ससाइझ ५००एम' (५०० एमबीच्या वर गेली की फाइल बाजूला काढा) टाकून निश्चिंत होणारे बरेच असतात. लॉगरोटेट बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदाच चालतो, तेव्हाच साइझ बघतो. दुपारी एरर सुटल्या तर रात्रीपर्यंत डिस्क भरलेली. तो दर तासाला चालवा. बदल केला की 'लॉगरोटेट -डी'ने कोरडी चाचणी घ्या. त्यात फाइलला हात लागत नाही.