ईमेल हेडरमधून पाठवणाऱ्याचा आयपी काढणारी स्क्रिप्ट: या चुका टाळा

संशयास्पद मेलांचा ढीग साचला की पहिलं काम ठरलेलं असतं: कुठला मेल कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) आला त्याची यादी काढायची. पायथॉनमध्ये हे दहा-बारा ओळींचं काम वाटतं. फाइल उघडायची, चार आकडे आणि तीन टिंबं शोधणारा रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र) चालवायचा, शेवटी सापडलेला पत्ता 'पाठवणाऱ्याचा' म्हणून लिहायचा. स्क्रिप्ट एरर न देता चालते, यादी तयार होते, आणि त्यातले बरेच पत्ते चुकीचे असतात. मग फायरवॉलमध्ये एखाद्या सरळमार्गी कंपनीचा सर्व्हर ब्लॉक होतो, नाहीतर तक्रार अर्जात भलत्याचाच पत्ता जातो. एरर देणारी चूक लगेच कळते. गुपचूप चुकीचं उत्तर देणाऱ्या चुका जास्त महागात पडतात, म्हणून इथे भर त्यांच्यावर आहे.

सर्वांत खालची ओळ म्हणजे उगम, हा समज

मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली 'रिसीव्ह्ड' ओळ हेडरच्या (मजकुराआधी येणाऱ्या तपशिलांच्या) वरच्या टोकाला जोडतो. त्या ओळीत 'फ्रॉम' नंतर मेल देणारा आणि 'बाय' नंतर तो घेणारा सर्व्हर असतो. एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या पद्धतीच्या नियमपत्रकात, म्हणजे आरएफसी ५३२१ मध्ये, तसा नियमच आहे. म्हणजे सर्वांत वरची ओळ ताजी, सर्वांत खालची जुनी. इथपर्यंत बरोबर. पण यावरून 'खालच्या ओळीतला आयपी हाच पाठवणारा' असं धरलं की घात होतो. मेल तयार करणारा माणूस तो सोडण्याआधीच त्यात दोन-तीन रिसीव्ह्ड ओळी हाताने लिहून ठेवू शकतो. पहिला खरा सर्व्हर आपली ओळ त्यांच्या डोक्यावर ठेवतो, आणि खालच्या बनावट ओळी जशाच्या तशा पुढे येतात.

भरवसा ठेवायचा तो फक्त आपल्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळींवर. म्हणून स्क्रिप्टने वरून खाली यावं. प्रत्येक ओळीत मेल देणाऱ्याचा आयपी बघायचा. तो आपल्याच नेटवर्कचा असेल तर खालच्या ओळीवर जायचं, बाहेरचा निघाला की तिथेच थांबायचं. तो बाहेरचा पत्ता म्हणजे आपल्या दारात मेल आणून देणारा, आणि खात्रीने सांगता येईल असं उत्तर तेवढंच. त्याखालच्या ओळी वेगळ्या रकान्यात ठेवा, त्या रकान्याला 'पडताळणी नाही' असं नाव द्या.

'बाय' नंतर आपल्या सर्व्हरचं नाव असलेली ओळ अख्ख्या हेडरमध्ये शोधायची, असा शॉर्टकट काही जण घेतात. तो घेऊ नका. आपल्या एमएक्स सर्व्हरचं (बाहेरून येणारा मेल घेणाऱ्या सर्व्हरचं) नाव डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत) उघड असतं, त्यामुळे बनावट ओळीत ते लिहिणं कुणालाही सहज जमतं. वरून सलग येणं महत्त्वाचं.

सगळ्या मेलांसाठी तेच दोन-तीन आयपी येत असतील तर बहुधा तुमच्या मेल सर्व्हरच्या पुढे स्पॅम फिल्टरचा गेटवे बसलेला आहे आणि त्याची रेंज 'आपल्या' यादीत घालायची राहिली आहे. जीमेलवर आलेल्या मेलात वरची ओळ बऱ्याचदा नुसती 'बाय २००२:ए०५:…' अशी असते, त्यात 'फ्रॉम' नसतोच. ती गूगलच्या आतली उलाढाल आहे. २००२ ने सुरू होणारा पत्ता सिक्स-टू-फोर पद्धतीचा (आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यात जुना चार आकड्यांचा पत्ता बसवणारी पद्धत), आणि त्यातला ०ए०५ हा भाग म्हणजे दशमानात १०.५, म्हणजे खाजगी नेटवर्क. ती ओळ सोडा. 'बाय एमएक्स.गूगल.कॉम' असलेली वरून पहिली ओळ गाठा, हवा तो आयपी तिच्यात आहे.

एकाच ओळीत दोन आयपी

माझ्या मते सर्वांत जास्त स्क्रिप्टा इथे चुकतात. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमने लिहिलेली ही ओळ बघा:

रिसीव्ह्ड: फ्रॉम [८.८.८.८] (अननोन [२०३.०.११३.२५]) बाय एमएक्स१…

'फ्रॉम' ला लागून जे आहे ते समोरच्याने हेलो कमांडमध्ये (जोडणी होताच ओळख सांगणाऱ्या कमांडमध्ये) स्वतःबद्दल सांगितलेलं. तिथे तो काहीही सांगू शकतो, चौकटी कंसातला आयपीसुद्धा. गोल कंसाच्या आत जे आहे ते आपल्या सर्व्हरने जोडणीवरून स्वतः टिपलेलं, आणि 'अननोन' म्हणजे त्या आयपीचं रिव्हर्स डीएनएस नाव (आयपीवरून शोधलेलं नाव) पडताळता आलं नाही. 'पहिला चौकटी कंस घ्या' असा रेजेक्स इथे ८.८.८.८ उचलतो आणि तुम्ही गूगलच्या डीएनएस सर्व्हरवर आळ घेता. खरा पत्ता दुसरा आहे.

मग 'नेहमी गोल कंसातला घ्या' असा नियम करावा, तर तोही सगळीकडे टिकत नाही. रिव्हर्स डीएनएस नसेल तर एक्झिम खरा आयपी 'फ्रॉम' ला लागूनच लिहितो आणि हेलोचं नाव गोल कंसात टाकतो, म्हणजे नेमकं उलट. क्यूमेल चौकटी कंस वापरतच नाही. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज 'फ्रॉम' आणि 'बाय' दोन्हींच्या पुढे गोल कंसात आयपी देतो, त्यामुळे 'बाय' च्या आधीचाच तुकडा तपासावा लागतो. सगळ्या सर्व्हरांना चालेल असा एकच रेजेक्स लिहिण्याच्या मागे लागू नका. विश्वासार्ह ओळी तुमच्याच सर्व्हरने लिहिलेल्या असतात, तेव्हा त्याचा साचा तेवढा नीट पार्स केला तरी पुरतं.

पडताळा घ्यायला एक सोपी सोय आहे. तुमचा सर्व्हर एसपीएफ (त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची त्या आयपीला परवानगी आहे का) तपासत असेल तर तो बहुतेक 'रिसीव्ह्ड-एसपीएफ' हेडरमध्ये 'क्लायंट-आयपी' लिहितो. सर्वांत वरचा, म्हणजे तुमच्या सर्व्हरने लावलेला असा हेडर घ्या आणि स्क्रिप्टच्या उत्तराशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर आधी स्क्रिप्टवर संशय घ्या.

फाइल वाचतानाच्या चुका

लांब हेडर दुमडून पुढच्या ओळीवर जातो, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला स्पेस किंवा टॅब असतो. फाइलमध्ये शब्द शोधणारा ग्रेप ओळीनुसार चालतो, त्यामुळे 'रिसीव्ह्ड' एका ओळीवर आणि आयपी पुढच्या ओळीवर असला की हाती काहीच लागत नाही. पायथॉनचं ईमेल मॉड्यूल वापरा. फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, नाहीतर जुन्या एन्कोडिंगचा एखादा मराठी मेल आला की युनिकोड एरर येऊन अख्खी स्क्रिप्ट थांबते. पॉलिसी 'डिफॉल्ट' दिली की दुमडलेल्या ओळी सरळ होऊन मिळतात. आणि 'रिसीव्ह्ड' साठी नेहमी 'गेट_ऑल' वापरा, कारण चौकटी कंसात हेडरचं नाव दिलं की एकच ओळ हातात येते.

अख्ख्या फाइलवर रेजेक्स चालवू नका. मजकुरातले, सहीतले, जोडलेल्या मेलातले सगळे आयपी यादीत घुसतात. सहकाऱ्याने नुसता 'फॉरवर्ड' केलेला मेलही उपयोगाचा नाही, त्यात हेडर त्या सहकाऱ्याचे असतात. मूळ मेल ईएमएल फाइल म्हणून मागवा. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' मधून ती उतरवता येते.

रेजेक्सला जे पटतं ते सगळं आयपी नसतं

जुन्या एक्स्चेंजच्या ओळीत 'आयडी १४.३.१२३.३' असा आवृत्तीक्रमांक येतो. दिसायला अस्सल आयपी. अशा वेळी आकड्यांची मर्यादा तपासूनही उपयोग नाही, जागा बघूनच तो टाळता येतो. ९९९.१.१.१ सारखे मात्र 'आयपीअॅड्रेस' मॉड्यूल परस्पर नाकारतं, म्हणून सापडलेला प्रत्येक तुकडा त्यातूनच गाळा. आणखी एक बारकावा: पायथॉन ३ मध्ये स्ट्रिंगवर चालवलेला बॅकस्लॅश-डी देवनागरी आकड्यांनाही जुळतो. मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी तिथे शून्य ते नऊ अशी स्पष्ट रेंज द्यावी.

खाजगी पत्ते गाळताना '१७२ ने सुरू होणारे सगळे' असं करू नका, खाजगी आहेत ते १७२.१६ ते १७२.३१ एवढेच. १००.६४.०.०/१० ही रेंज मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्या एका सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक ठेवताना आतल्या बाजूला वापरतात. पायथॉनमध्ये तिच्यासाठी 'इज_प्रायव्हेट' आणि 'इज_ग्लोबल' दोन्ही फॉल्स येतात, म्हणून 'प्रायव्हेट नाही' यापेक्षा 'ग्लोबल आहे' ही चाळणी लावा. टेस्ट करताना मात्र लक्षात असू द्या: २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते फक्त कागदोपत्री उदाहरणांसाठी राखीव आहेत, ते या चाळणीतून जाणारच नाहीत आणि तुम्ही उगाच बग शोधत बसाल.

आयपीव्ही६ विसरू नका. काही सर्व्हर पत्त्याआधी 'आयपीव्ही६:' असा उपसर्ग लावतात, जीमेल लावत नाही. स्क्रिप्टने दोन्ही घ्यावेत.

सापडलेला पत्ता नक्की कुणाचा

ब्राउझरमधून जीमेल उघडून पाठवलेल्या मेलात त्या माणसाचा आयपी नसतो, गूगलच्या सर्व्हरचा असतो. स्क्रिप्ट कितीही चांगली लिहिली तरी तो हेडरमधून निघणार नाही. तोच मेल थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधून जीमेलच्या एसएमटीपी सर्व्हरने पाठवला असेल, तर 'विथ ईएसएमटीपीएसए' असलेल्या ओळीत वापरकर्त्याचा आयपी बऱ्याचदा सापडतो. शेवटचा 'ए' म्हणजे लॉगिन करून पाठवलेला. ती ओळ तुमच्या सर्व्हरची नसते, तेव्हा तिच्या वरची ओळ खरोखर गूगलच्या आयपीवरून आली आहे ना हे बघूनच ती धरा. 'एक्स-ओरिजिनेटिंग-आयपी' वर एकट्याने विसंबू नका, तो हेडर कुणीही लिहू शकतो.

आयपीवरून नकाशात गाव शोधून 'मेल इथून आला' असं रिपोर्टमध्ये लिहिणंही टाळा. बऱ्याचदा दिसतं ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या गेटवेचं गाव.

वेळ

आयपी मिळाला तरी तो नेमक्या कुठल्या क्षणी कुणाकडे होता हे सेवा देणारी कंपनीच सांगू शकते, आणि त्यासाठी वेळ अचूक लागते. 'डेट' हेडर पाठवणाऱ्याच्या मशीनने लिहिलेला असतो, तो घेऊ नका. ज्या रिसीव्ह्ड ओळीतून आयपी घेतला तिच्याच अर्धविरामानंतरची वेळ घ्या आणि 'पार्सडेट_टू_डेटटाइम' ने वाचून यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदला. जीमेलच्या ओळीत -०७०० (हिवाळ्यात -०८००) असतो, आपल्या सर्व्हरच्या ओळीत +०५३०. दुपारचे १२:४० आणि मध्यरात्रीचे ००:१० हा एकच क्षण असू शकतो, आणि टाइमझोन कापून टाकणारी स्क्रिप्ट त्यात साडेबारा तासांचा फरक दाखवते.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस जपावे लागतात, त्यानंतर ते मिळतीलच असं नाही, म्हणून गंभीर प्रकरणात यादी सुबक करत बसू नका. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रारीसाठी मूळ ईएमएल फाइल न उघडता, न बदलता बाजूला ठेवा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा ठसा) लिहून ठेवा, आणि स्क्रिप्ट तिच्या प्रतीवर चालवा.