क्वायरची गाणी निवडायची तर आधी टेनर मोजा

पुण्यातल्या एका मराठी चर्चच्या क्वायरला मी शिकवते. डिसेंबर जवळ आला की कुणीतरी ‘हालेलुया कोरस’ काढतंच. मी विचारते, टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, किती? खरे दोन. बाकीचे बेसच, म्हणजे खालच्या आवाजाचे, वरच्या सुरांना ओरडतात. शिवाय हँडेलच्या ‘मसाया’ या ख्रिस्तावरच्या मोठ्या गानरचनेत तो कोरस दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, म्हणजे ख्रिस्तजन्म केव्हाच मागे पडलेला असतो. नाताळात तो गातात तो निव्वळ सवयीने. गायला हरकत नाही, पण टेनर आणा.

टेनर कमी असताना मी मोझार्टचं ‘आवे वेरुम कोर्पुस’ घेते. १७९१ ची, अवघ्या ४६ बारांची (तालाच्या मापांची) रचना. ती हलक्या आवाजात गायची असल्यामुळे दोन टेनर दबून जात नाहीत. लॅटिनचे स्वर मराठी तोंडाला सोपे. शब्द ख्रिस्ताच्या शरीराबद्दल आहेत, म्हणून प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी ठेवा.

आता आपली पदं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ती अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली, तेव्हा गातानाही तेच वळण हवं. चार आवाजांत बसवायचा मोह होतो. माझं मत, बसवू नका. कोमल-शुद्ध स्वर येत-जात असलेल्या चालीखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) घातले की चालीचा जीव जातो. तंबोरा, पेटी, तबला पुरे. एकाने ओळ सांगावी, बाकीच्यांनी उचलावी. पट्टी मात्र जपून ठरवा: बायकांना सोयीची पट्टी पुरुषांना खाली सरपटवते. मी धृपद सगळ्यांना देते, खालचे अंतरे पुरुषांना, वरचे बायकांना. भांडणही मिटतं.

चर्चबाहेरच्या कार्यक्रमाला लौकिक गाणी लागतातच. मांडो, म्हणजे गोव्याचं कोंकणी गीत, लहान क्वायरला वरदान आहे: दोन आवाज, बहुतेक तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतराने सोबत चालणारे, आणि लय संथ. कोंकणीतले नाकातले स्वर मात्र गोव्याच्या माणसाकडूनच शिका. मागोमाग दुलपद, म्हणजे तिथलंच जलद लयीचं गाणं, घेतलं की सभागृह जागं होतं. साने गुरुजींचं ‘खरा तो एकचि धर्म’ दोन्हीकडे चालतं. तरी उपासनेत घेण्याआधी पाळकसाहेबांना शब्द दाखवा. नंतर कुरबुर ऐकण्यापेक्षा बरं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘हालेलुया’ (देवाची स्तुती करा) असलेलं गाणं नको, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. ईस्टरला ते परत येतं तेव्हा आवाज आपोआप मोकळे होतात.

हक्कांचं बघा. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. टिळक १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचे शब्द मोकळे आहेत. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ लिहिणारे राजा बढे १९७७ मध्ये गेले, त्यामुळे ते गाणं अजून मोकळं नाही, राज्यगीत झालं असलं तरी. चालीचा हक्क वेगळा, तो संगीतकाराकडे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कायद्याने सूट आहे, तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला नाही. तेव्हा तिकिटं छापायच्या आधी यादी करा, आणि ज्याची परवानगी वेळेत येणार नाही ते गाणं काढून त्या जागी मांडो घाला.