आपल्या तालुक्यातला कलाकार लोकांपर्यंत पोचवायचा कसा

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, दोनच मिनिटांचा. एक म्हातारा गोंधळी आणि त्याचा नातू, पोराच्या कमरेला संबळ, मागं ज्वारीचं रान, आणि पोरगं असं काही वाजवायलंय की मी तीनदा बघितला, तिसऱ्यांदा तर नुसते हात बघितले त्याचे. रात्रीपर्यंत तोच व्हिडिओ आणखी चार ग्रुपवरून आला. नाव नाही, गाव नाही, कुणीतरी कोपऱ्यातलं चॅनलचं नाव कापून तिथं स्वतःच्या पेजचा लोगो चिकटवलेला. शोधत शोधत मूळ चॅनल सापडलं तर ते जिंतूरकडचं, आणि तिथं त्या व्हिडिओला व्ह्यू ४१२. पाच ग्रुप भरून लोकांनी बघितला, वा वा केलं, अन् त्या पोराच्या हिशोबात त्यातलं काहीच नाही.

त्याच आठवड्यात एका मोठ्या पिच्चरच्या पुढच्या भागाचा ट्रेलर आला आणि तो निम्म्या लोकांच्या स्टेटसला. आवडला तर ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण असले पिच्चर काढणाऱ्या डिस्ने कंपनीनं २००९ मध्ये सुपरहिरोंच्या पिच्चरवाली मार्व्हल घेतली ती ४०० कोटी डॉलरच्या आसपास, २०१२ मध्ये स्टार वॉर्सवाली लुकासफिल्म पण घेतली, असल्या कंपनीचं आपल्या एका स्टेटसवाचून काय अडायलंय? संबळवाल्या पोराचं मात्र खरंच अडलंय. म्हणून मी जे करते ते सांगते, सगळं मोबाइलवर होतं आणि बरंचसं बिनपैशाचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, फाईल पाठवू नका, लिंक पाठवा. व्हिडिओ डाऊनलोड करून फॉरवर्ड केला की व्ह्यू मोजला जात नाही, कमेंट जात नाही, माणूसच गायब होतो. कुणाची नुसती फाईल आली की मी आधी मूळ चॅनल शोधते (गाण्याची एक ओळ सर्चमध्ये टाकली तरी बऱ्याचदा सापडतं) आणि त्याच ग्रुपवर लिंक टाकून लिहिते, "मूळ हिथं आहे, हिथंच बघा." लोक ऐकतात हो, त्यांना माहीतच नसतं.

आता यूट्यूबचा हिशोब समजून घ्या. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याला मिळतो, पण त्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं गेलेलं पाहिजे, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यू. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. म्हणून सबस्क्राईब करून विसरू नका, व्हिडिओ शेवटपर्यंत बघा, भाकरी करताना लावून ठेवा, घरच्या टीव्हीवर लावा, म्हाताऱ्या माणसांना तर ओव्या, भारुडं, गवळणी लै आवडतात. एक गोष्ट मात्र करू नका, मदत म्हणून जाहिरातींवर मुद्दाम क्लिक करत बसू नका, एकच व्हिडिओ दहा मोबाइलवर रात्रभर चालू ठेवू नका, ते यूट्यूबवाले खोटं ट्रॅफिक धरतात आणि शिक्षा चॅनलला होते.

कमेंटमध्ये नुसतं "छान" नका लिहू. काय आवडलं ते लिहा आणि गाव लिहा: "सेलूहून बघतोय, मधला तोडा पुन्हा वाजवा." नवीन माणूस कमेंटी वाचून थांबतो, आणि करणाऱ्यालाही कळतं की आपलं कुठवर पोचलं.

लग्नाच्या, डोहाळजेवणाच्या रीलला आपण सरळ फिल्मी गाणं लावतो. त्याऐवजी इकडच्या गायकाचा स्वतःचा ऑडिओ लावा. इन्स्टावर त्याच्या रीलखाली ऑडिओचं नाव असतं, त्याच्यावर दाबलं की तोच ऑडिओ वापरता येतो, आणि तुमची रील बघणारा तिथून त्याच्या पेजवर जातो. कलाकार ओळखीचा असला तर त्यालाही हेच सांगा, यूट्यूबवर पिच्चरचं गाणं वाजवलं तर क्लेम (हक्काचा दावा) येतो आणि त्या व्हिडिओचा पैसा बहुतेक वेळा गाण्याच्या मालकाकडं जातो. स्वतःचं वाजवलं तर स्वतःचं राहतं.

पैसे द्यायचे असले तर सरळ यूपीआयनं द्या. यूट्यूबच्या सुपर थँक्समधून (व्हिडिओखालचं पैसे द्यायचं बटण) ७० टक्केच त्याच्यापर्यंत पोचतात, क्यूआरवर टाकलेले सगळे पोचतात. पन्नास रुपये पण चालतात. कुणाचा क्यूआर टाकलेला नसेल तर मेसेज करून विचारा, बरेच जण लाजेनं टाकत नाहीत.

लिहिणाऱ्यांचं पण असंच आहे. आपल्याकडं कितीतरी लोक पदरचे पैसे घालून कवितेचं, कथेचं पुस्तक काढतात आणि गठ्ठे घरात पडून राहतात. पुस्तक लेखकाकडूनच घ्या, फुकट मागू नका. आणि गावात अनुदानित वाचनालय असेल तर ग्रंथपालाला पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत असं कागदावर लिहून द्या, नुसतं तोंडी सांगितलं तर खरेदीच्या वेळी विसरून जातं.

शेवटचं यात्रा कमिटी आणि गणपती मंडळवाल्यांसाठी. डीजे अन् टीव्हीवरचा पाहुणा यावर वर्गणी जाते, त्यातली एक संध्याकाळ इकडच्या शाहिराला, भारुडवाल्याला, शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना द्या. एकनाथ महाराज आपल्या पैठणचे, भारुडं आपल्या घरची, आणि आपल्याच यात्रेत ती नसावीत हे मला बघवत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अजून लोककलेला मोठा मान आहे, तिथं गेलात तर आवडलेल्या कलाकाराचं नाव, गाव, फोन लिहून आणा आणि पुढच्या वर्षीची सुपारी तिथंच बोला. शूटिंग करायचं तर आधी विचारा आणि व्हिडिओत नाव टाका. शॉर्टफिल्म दाखवायची असेल तर पोरांकडून व्हॉट्सॲपवर तरी लेखी परवानगी घ्या, पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर आणि बरा स्पीकर एवढ्यात काम होतं. सुपारी ठरली की इसार त्याच दिवशी द्या, गाडीभाडं वेगळं धरा, आणि राहिलेलं मानधन कार्यक्रम संपल्यावर, संबळ पिशवीत जायच्या आधी हातात ठेवा. "उद्या टाकतो" म्हणून पाठवून दिलेली माणसं मी बघितलीत, एसटीची वाट बघत स्टँडवर बसलेली.