रेषेचा चढ आणि समीकरण: पंचगंगेच्या पाण्यावरून शिकूया

जुलैत पावसानं जोर धरला की कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे? आणि लगेच दुसरा, तासाला किती वाढतंय? हा दुसरा प्रश्न म्हणजे दहावीच्या निर्देशक भूमितीतला रेषेचा चढ. सूत्र बहुतेक मुलांना पाठ असतं, ते कशाला लागतं हे कुणी सांगत नाही. म्हणून हे गणित नदीवरच करू. खालच्या नोंदी हिशेबासाठी धरलेल्या आहेत. 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी मात्र खरी.

आधी बिंदू मांडा. आडव्या क्ष-अक्षावर मध्यरात्रीपासूनचे तास, उभ्या य-अक्षावर फूट. सकाळी 6 वाजता 31 फूट आणि दुपारी 12 वाजता 34 फूट, म्हणजे बिंदू (6, 31) आणि (12, 34).

इथे एक जपा. नोंद फूट-इंचात येते आणि 34 फूट 6 इंच म्हणजे 34.6 नव्हे, 34.5. इंचांना 12 नं भागूनच दशांशात लिहा. उत्तर चुकलं तर पहिल्यांदा हेच तपासावं.

मग चढ काढा. य मधला फरक भागिले क्ष मधला फरक:

म = (34 − 31) ÷ (12 − 6) = 3 ÷ 6 = ½

पाणी तासाला अर्धा फूट, म्हणजे 6 इंच चढतंय. वजाबाकी कुठल्याही बिंदूपासून सुरू करा, पण वर आणि खाली क्रम एकच ठेवा. वर दुपारमधून सकाळ आणि खाली सकाळमधून दुपार वजा केली, तर चढत्या नदीचा चढ ऋण येईल.

पाणी उतरत असेल तर चढ खरोखरच ऋण असतो. पातळी स्थिर असेल तर चढ शून्य आणि समीकरण नुसतं य = 39 असं. उभ्या रेषेत क्ष मधला फरक शून्य होतो, शून्यानं भागता येत नाही, म्हणून तिचा चढ ठरवता येत नाही; ती क्ष = 6 अशी लिहायची.

आता समीकरण. एक बिंदू आणि चढ हातात असला की पुरे:

य − 31 = ½ (क्ष − 6)
य = ½ क्ष + 28

दुसरा बिंदू घालून ताळा करा: ½ × 12 + 28 = 34. जमलं. शेवटचा 28 म्हणजे क्ष शून्य असतानाची, मध्यरात्रीची पातळी. रेषा य-अक्षाला तिथेच छेदते. परीक्षेत सामान्य रूप मागितलं तर दोन्ही बाजूंना 2 नं गुणून क्ष − 2य + 56 = 0 लिहा.

खरा उपयोग पुढे आहे. य च्या जागी 39 ठेवा: ½ क्ष = 11, क्ष = 22. रात्री 10 वाजता इशारा पातळी. 43 ठेवा: क्ष = 30, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी 6 वाजता धोका पातळी. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांतल्या माणसाला जनावरं कधी हलवायची ते ठरवताना हाच हिशेब लागतो.

तिसरी नोंद आली की रेषा तपासा. नदी दिवसभर एकाच रेषेवर चालत नाही. पाऊस ओसरतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात किंवा मिटतात आणि चढ बदलतो. समीकरणानुसार दुपारी 3 वाजता, क्ष = 15 असताना, पातळी 35 फूट 6 इंच हवी. नोंद आली 35 फूट 3 इंच. म्हणजे तिन्ही बिंदू एकरेषीय, एकाच सरळ रेषेवरचे, नाहीत. शेवटच्या दोन नोंदींवरून नवा चढ काढा: 3 तासांत 15 इंच, तासाला 5 इंच, म्हणजे 5/12 फूट.

य − 34 = 5/12 (क्ष − 12)
य = 5/12 क्ष + 29

पुन्हा य = 39 ठेवा. क्ष = 24 येतो. तासाला एकच इंच कमी झाला आणि इशारा पातळी रात्री 10 वरून 12 वर गेली.